बसलेला विश्वास आणि ठेवलेला विश्वास
(पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनानिमित्त अमेरिकेतील रेडमंड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी रेडमंडला आल्यापासून पाऊस थांबलेला नाही. लेक म्हणते, "आई, याला इथे पाऊस म्हणत नाहीत. आणि छत्री तर मुळीच उघडू नकोस, लोक नवखी समजतील." मी नगर जिल्ह्यातली. आमच्याकडे आभाळात तळहाताएवढा ढग आला तरी माणसे बांधावर येऊन उभी राहतात. अशा ओल्या, हिरव्यागार गावात उभी राहून मी आज दुष्काळाविषयी बोलणार आहे. माझा नाइलाज आहे. ज्या बाईंच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांच्या विश्वासाची मुळे दुष्काळातच रुजलेली आहेत.

पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला वारल्या. त्यांच्यावर बोला, असा निरोप आला तेव्हा मी विषय असा मागून घेतला: संकटात देवाच्या हेतूवर भरवसा ठेवायचा, असे आपण ख्रिस्ती माणसे उठल्याबसल्या म्हणतो; तर तो ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? श्रोत्यांत सगळेच ख्रिस्ती नाहीत, हे मी पाहते आहे. पण दुःख सगळ्यांच्याच घरी येऊन गेलेले असते, तेव्हा कुणाला परके वाटायचे कारण नाही.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. माझे यजमान गेले तेव्हा माती देऊन आल्यावर मी ओसरीवर बसले होते. आमच्या मंडळीतल्या एक बाई जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "बाई, यात देवाची काहीतरी योजना असेल." त्या मनाने फार चांगल्या होत्या. आणि त्या जे बोलल्या ते मी स्वतः रविवारच्या शाळेत कितीतरी वर्षे मुलांना शिकवत आले होते. तरी त्या क्षणी मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटला. वाक्य खोटे होते म्हणून राग आला, की खरे वाक्य चुकीच्या तोंडून आले म्हणून? याचे उत्तर मी बरीच वर्षे शोधत होते. ते मला रमाबाईंच्या चरित्रात सापडले.

आधी आपल्या भाषेकडे एकदा पाहू. मराठीत विश्वासाला दोन क्रियापदे लागतात. विश्वास बसतो, आणि विश्वास ठेवतात. बसणारा विश्वास आपला आपण बसतो. दूधवाल्याने दहा वर्षे दुधात पाणी घातले नाही की त्याच्यावर बसतो, आणि एक दिवस घातले की उडतो. पाखरासारखे त्याचे काम. बसणे त्याच्या मर्जीचे, उडणेही त्याच्याच. ठेवायच्या विश्वासाचे तसे नाही. तो कुणीतरी उचलून कुठेतरी ठेवावा लागतो, जशी ठेव ठेवतात. ठेव ठेवताना हातातले सोडावे लागते. परत मिळेल याची पावती काही वेळा असते, काही वेळा नसते. रमाबाईंचे आयुष्य म्हणजे बसलेला विश्वास उडण्याची आणि मग ठेवायला शिकण्याची गोष्ट आहे, असे मला वाटते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान. त्यांनी बायकोला संस्कृत शिकवले, त्यापायी लोकांचा रोष घेतला, आणि पुढे तिनेच आपल्या या धाकट्या मुलीला शिकवले. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत देशभर फिरे. मग १८७०नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. होते ते विकून संपले, दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेले. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची तर लाज आड येते. तिरुपतीच्या बाजूच्या रानात झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. त्यांची दृष्टी गेली होती. निरोप घेताना त्यांनी धाकटीला मिठीत घट्ट धरले आणि तिला सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे. तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी हा प्रसंग पुढे लिहिलेल्या आपल्या साक्षीत, म्हणजे आत्मकथनात, सांगितला आहे. ती जलसमाधी झाली नाही. थोरला भाऊ म्हणाला, मी मोलमजुरी करतो, पण हे नको. तरी पुढे थोड्याच दिवसांत वडील गेले.

मग आईची पाळी आली. वातात ती खायला मागू लागली, बाजरीची भाकरी मागू लागली. रमा शेजारच्या एका घरी मागायला गेली. ज्यांनी आयुष्यभर मंदिराच्या ओवरीत बसून पुराणे सांगितली, दक्षिणा घेतली, पण कुणाच्या दारात हात पसरला नाही, त्या घरची ही मुलगी. तिच्या तोंडून शब्द फुटेना, नुसते डोळे वाहू लागले. ते पाहून त्या घरच्या बाईने भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन ती धावत आली. पण आईला आता घास गिळवत नव्हता. आई गेली. काही महिन्यांनी बहीणही गेली.

राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे दक्षिणेतून उत्तरेकडे चालत निघाले, हजारो मैल, बहुतेक अनवाणी आणि उपाशी. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा त्यांनी वाळूत दोन खड्डे खणले, त्यांत पडून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. कबरीसारखे खड्डे, असे त्यांनीच म्हटले आहे. एवढ्या काळात सगळी व्रते, उपास, जपजाप्य झाले होते. शास्त्राने सांगितलेले एकही काम राहिले नव्हते, आणि सांगितलेले एकही फळ मिळाले नव्हते. विश्वास उडाला. या उडण्याबद्दल त्यांना कुणी नावे ठेवू नयेत. दूधवाल्याचा हिशोब आहे तो. त्या हिशोबाने उडणारच.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोचली. तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. गोष्ट इथे संपली असती तर प्रवचनासाठी सोयीची होती: सोसले, आणि फळ मिळाले. पण १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. पण कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण साधले नाही. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाई आणि लहानग्या मनोरमाचा बाप्तिस्मा झाला.

आता कुणी म्हणेल, पाहा, इथे देवाचा हेतू उघड झाला. रमाबाईंचे म्हणणे तसे नाही, आणि त्यांचा प्रामाणिकपणा मला इथे सर्वांत मोठा वाटतो. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी साक्षीत कबूल केले आहे. त्या आठ वर्षांत त्यांनी काय केले ते पाहा. १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या. इंग्रजीत 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिले. अमेरिकाभर फिरून विधवांसाठी मदत उभी केली आणि १८८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बोटीत बसून परत निघाल्या. तेव्हा तुमचे हे रेडमंड शहर म्हणून नोंदलेलेही नव्हते. ती नोंद १९१२ची. इथे पाहिलेले सगळे त्यांनी १८८९ मध्ये मराठीत लिहिले. या देशाचे भरभरून कौतुक केले आणि इथल्या वर्णभेदाबद्दल कानउघाडणीही केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. म्हणजे विश्वास पुरता बसलेला नसताना त्या माणसांसाठी कामाला लागल्या होत्या.

आनंदीबाईंना पदवी मिळाली ती तारीखही ११ मार्चच. अशा तारखा जुळवून देवाची योजना वाचायचा आपल्याला फार मोह होतो. मला तो पंचांगाचा मावसभाऊ वाटतो. कारण मग दुसरीही तारीख घ्यावी लागते: पदवीला वर्षही होत नाही तोच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई क्षयाने गेल्या. एकविसाव्या वर्षी. ही तारीख कोणत्या योजनेत बसवायची? ज्याला बसवता येते त्याने बसवावी. मला येत नाही.

१८९३ मध्ये, तोवर पुण्यात आलेल्या शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत म्हणून पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांच्या रागामागेही कारणे होती. लोकांनी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या, आणि तो विश्वास उडाला. रमाबाईंनी मात्र दार सर्वांना उघडे ठेवले, आपली प्रार्थना लपवली नाही, आणि एकट्या पडल्या.

मग १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाई त्या भागात गेल्या. उपाशी मुलींच्या छावण्या, त्यांच्यावर टपलेले दलाल, हाडांवर ताणलेली कातडी, हे त्यांनी पाहिले. दुसऱ्या कुणाला तिथे हजारो दुष्काळग्रस्त दिसले असते. या बाईला प्रत्येक चेहऱ्यावर स्वतःचे ते उपाशी दिवस दिसले. मागायला गेल्यावर शब्द का फुटत नाही, हे तिला सांगावे लागत नव्हते. त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात प्लेग होता. इतक्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. मग पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला, आधी घेऊन ठेवलेल्या शंभरेक एकर जमिनीवर, झोपड्या आणि तंबू उभे राहिले. तेच मुक्ती सदन. १९००च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जीव होते. शेती, गोठा, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळे बायका चालवत.

इथे जरा थांबावे लागेल, कारण व्याख्यानातला धोक्याचा घाट हाच आहे. मुक्ती सदन उभे राहावे म्हणून देवाने अनंतशास्त्र्यांना उपाशी मारले, असे मी म्हणू का? मध्य प्रांतातल्या ज्या मुली रमाबाईंच्या बैलगाडीपर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांच्या आयांना जाऊन हे सांगू का? दुष्काळ आभाळातून येतो. उपासमार मात्र बाजारातून आणि कचेरीतून येते. त्या दशकांत देशात धान्य होते, आगगाड्या होत्या, आणि धान्य परदेशीही जात होते. माणसांनी केलेल्या गोष्टीचा कागद देवाच्या नावावर फाडायचा, हा विश्वास नव्हे. तो नुसता आळस.

रमाबाईंनी तो आळस केला नाही. मे १८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग-व्यवस्थेत बायकांची कशी आबाळ आणि विटंबना होते ते उघड मांडले. ते पत्र पार विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गाजले, आणि सरकारने त्यांनाच खोटे ठरवायचा प्रयत्न केला. देवावर भरवसा ठेवणारी बाई सरकारवर डोळे मिटून भरवसा ठेवत नव्हती. भरवसा म्हणजे गप्प बसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे पत्र विसरू नये.

मग देवाचा हेतू, हा शब्द टाकून द्यायचा का? नाही. पण तो कुणी, कधी आणि कुणाविषयी उच्चारायचा याची शिस्त आहे. ती मला उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाच्या गोष्टीत दिसते. तीही दुष्काळाचीच गोष्ट. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकले आणि मिसरी जाणाऱ्या व्यापाऱ्यांना विकले. कितीतरी वर्षांनी, पोटासाठी तेच भाऊ त्याच्यासमोर वाकून उभे राहिले. आणि पुढे योसेफच त्यांना म्हणाला की तुमच्या मनात वाईट होते, देवाने त्यातून चांगले साधले. हे वाक्य आपण किती सहज वापरतो! पण तेच वाक्य भावांनी खड्ड्याच्या काठावर उभे राहून, आत पडलेल्या पोराला ऐकवले असते तर? शब्द तेच, सिद्धान्त तोच. आणि त्याच्यासारखे क्रूर वाक्य दुसरे झाले नसते.

म्हणजे या वाक्याला तीन अटी आहेत. ते ज्याने सोसले त्याने म्हणायचे. खड्ड्यातून बाहेर आल्यावर, मागे वळून म्हणायचे. आणि ते म्हणताना हातात दुसऱ्यांसाठी धान्य असायला हवे. योसेफाची कोठारे उघडी होती म्हणून त्याचे बोलणे शोभले. रमाबाईंनी वडिलांच्या त्या मिठीचा अर्थ लावला तो पन्नाशीकडे येताना, केडगावला चुली पेटलेल्या असताना, आणि तो फक्त स्वतःपुरता. माझ्या त्या बाईंचे वाक्य खोटे नव्हते. ते माझे होते, आणि मला म्हणायला अजून बरीच वर्षे होती. त्यांनी ते माझ्याआधी म्हटले, एवढेच.

त्या मिठीविषयी आणखी एक. अनंतशास्त्र्यांनी मुलीला ज्या देवाच्या हाती दिले, त्याचे ख्रिस्ती नाव त्यांना ठाऊक नव्हते. रमाबाईंनी मात्र लिहिले आहे की बापाची ती प्रार्थना देवाने ऐकली. आंधळा, उपाशी, मरायला निघालेला एक हिंदू बाप. पावती नाही, व्याज नाही, डोळ्यांना समोरचे दिसतही नाही. त्याच्याजवळ जे शेवटचे होते ते त्याने ठेवले. मला कुणी ठेवलेल्या विश्वासाचे चित्र विचारले तर मी चर्चच्या काचेवरचे एखादे चित्र दाखवणार नाही. तिरुपतीच्या रानातला हा माणूस दाखवीन.

रमाबाईंचे नाव घेतले की मन दडपते. आपण कुठे, त्या कुठे. म्हणून आपल्या घरातल्या वाटतील अशा एका बाईंची आठवण करते. लक्ष्मीबाई टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यात पत्नीला विचारले नव्हते. पदरात लहान मुलगा, डोक्यावर लोकांची बोलणी, आणि पुढची काही वर्षे ताटातूट. लक्ष्मीबाई रडल्या, चिडल्या, आजारी पडल्या, आणि जे वाटले ते बोलून मोकळ्या झाल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी लगेच त्याच्या धर्मात गेल्या नाहीत. स्वतः विचार करून आधी सोवळेओवळे सोडले, जात सोडली, आणि १९०० मध्ये राहुरीला बाप्तिस्मा घेतला. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य या फारशी शाळा न पाहिलेल्या बाईने पुरे केले. १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकात दुःखाला तोटा नाही, आणि पानोपानी हसू येते. टिळक देवावर भरवसा ठेवून घरातले पैसे वाटून टाकत. संध्याकाळची चूल पेटवायचा प्रश्न लक्ष्मीबाईंकडे राही. त्या कुरकुरत, टोमणे मारत, आणि दारात आलेल्या अनाथ पोराला घरातही घेत. देवाशी भांडायची मुभा असलेला विश्वास मला त्यांच्याकडून कळला. ठेव ठेवणाऱ्याला पेढीवर जाऊन विचारपूस करायचा हक्क असतोच.

आता तुमच्या गावाकडे येते. मायक्रोसॉफ्ट १९८६ मध्ये इथे आली आणि तिच्यामागून मराठी घरे आली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, इथे कसले संकट? पण मी लेकीच्या घरी राहून पाहते आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्या एका कंपनीने १० हजार नोकऱ्या कमी करत असल्याचे सांगितले. २०२५च्या मेमध्ये सुमारे ६ हजार, जुलैत सुमारे ९ हजार. ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो त्याला नोकरी गेल्यावर साधारण ६० दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर घर, गाडी, मुलांची शाळा सगळे आवरायचे. आणि २०२० विसरलात का? अमेरिकेतल्या करोनाच्या साथीचा पहिला मोठा तडाखा बसला तो इथून शेजारच्या कर्कलंडमधल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहाला. त्या वर्ष-दोन वर्षांत कितीजणांनी आईबापांना शेवटचे पाहिले ते फोनच्या पडद्यावर! इकडे रात्र, तिकडे दिवस, आणि मधे विमान नाही. हा दुष्काळ पोटाचा नव्हे, पण कोरड तीच.

अशा घरांत भिंतीवर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले एक वचन टांगलेले मी पाहिले आहे. देव म्हणतो, तुमच्याविषयीचे माझे मनोगत हिताचे आहे, अशा आशयाचे. सुंदर वचन आहे. पण ते ज्या पत्रात आहे ते पत्र परमुलखात नेलेल्या लोकांना, बाबेलात, लिहिलेले आहे. तेव्हा यरुशलेमेत हनन्या नावाचा एक संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत ते सगळे परत येतील. लोकांना तो आवडला असणार. यिर्मयाने कळवले, दोन नाही, सत्तर वर्षे. तोवर घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचे भले आहे. आणि हे सगळे सांगून झाल्यावर मग भिंतीवरचे ते वचन येते.

सत्तर वर्षे ऐकून तुमच्यापैकी काहींना ग्रीन कार्डाची रांग आठवली असेल. हसा, पण विचारही करा. ज्यांना ते पत्र मिळाले त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हिताचे मनोगत आहे, असे त्यांना सांगितले, आणि ते फळताना तुम्ही नसाल, हेही त्याच पत्रात सांगितले. हनन्याचा विश्वास मुदतीचा होता. मुदत टळली की उडणारा. यिर्मयाने मळा लावायला सांगितला. ज्या झाडाची फळे नातवंडे खातील त्याला आज पाणी घालणे, याला मी ठेवलेला विश्वास म्हणते.

रमाबाईंचा मळा म्हणजे त्यांचे बायबल. आयुष्याची अखेरची दीडेक दशके त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून शास्त्राचे मराठी भाषांतर करत होत्या, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. पंडितांनी ज्यांची परीक्षा घेतली त्या संस्कृत पंडितेने आपली भाषा हट्टाने सोपी केली. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायच्या त्या मुक्ती सदनातल्या बायकामुलीच. आपल्यामागे हे सगळे मनोरमा पाहील, अशी त्यांची आशा होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वयाची चाळीस वर्षे नुकती पुरी झालेली. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा, आणि शेवटी ही एकुलती. रमाबाईंनी त्यानंतरही मुद्रिते तपासायचे थांबवले नाही. आठ महिन्यांनी त्या गेल्या. पूर्ण बायबल प्रसिद्ध झाले ते १९२४ मध्ये. त्यांनी ते पाहिले नाही. मनोरमा का गेली, याचे उत्तर त्यांना मिळाले असेल असे मला वाटत नाही. पुढचे पान तपासायचे आहे, एवढे मात्र त्यांना नक्की ठाऊक होते.

ओसरीवरच्या त्या दिवसाची अर्धीच गोष्ट मी सांगितली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. त्या संध्याकाळी शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आली. ती घेऊन आलेल्या बाई आमच्या मंडळीतल्या नव्हत्या, आमच्या धर्माच्याही नव्हत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. ताट समोर ठेवले, मी दोन घास खाईपर्यंत जवळ बसल्या, आणि ताट घेऊन गेल्या. देवाचा माझ्याविषयी काय हेतू आहे, हे मला तेव्हा कळले नाही. पण तो आहे, असे पहिल्यांदा वाटले ते त्या भाकरीच्या वेळी. रमेच्या पदरात तुकडा टाकणाऱ्या त्या अनोळखी बाईला तरी कुठे माहीत होते की ती केडगावची पहिली भाकरी थापते आहे?

म्हणून एकच विनंती करून थांबते. या गावात आज कुणाचे साठ दिवस मोजणे चालू असेल, कुणाचे आईवडील तिकडे दवाखान्यात असतील, कुणाच्या घरी नुकतेच माणूस गेले असेल. त्यांना देवाची योजना सांगायला जाऊ नका. ती त्यांची त्यांना, त्यांच्या वेळी कळेल. तुम्ही डबा भरून घेऊन जा. जाताना पाऊस असेलच; छत्री न्या, लोक नवखे म्हणाले तर म्हणू देत.